बिळातल्या उंदराच्या लेंडीत मातीचे जिवाणू सापडले तर ते काढावेत की ठेवावेत?

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला आणि आधी तो माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझी समजूत चुकत असेल तर ती तुम्हाला लगेच दिसेल. बिळे करून राहणारे रानउंदीर तुम्ही दोन ठिकाणी सापळ्यात पकडले, एका ठिकाणी कोरड्या ऋतूत आणि दुसऱ्या ठिकाणी ओल्या ऋतूत. त्यांच्या लेंड्यांतील जिवाणूंच्या १६एस जनुकाचे (जिवाणू ओळखायला वापरतात त्या जनुकाचे) सिक्वेन्सिंग, म्हणजे डीएनएच्या अक्षरांचे वाचन, करून घेतले, तेव्हा आतड्यातल्या ओळखीच्या जिवाणूंबरोबर मातीत राहणाऱ्या जिवाणूंचीही मोठी रांग यादीत आली. आता तुम्ही विचारता की मातीचे जिवाणू यादीतून काढून टाकावेत का, आणि जे उरतील ते उंदराला कोरड्या ऋतूत तग धरायला मदत करतात असे लिहिता येईल का. पहिल्या प्रश्नावर माझे उत्तर असे की सरसकट काहीही काढू नका. दुसऱ्यावर असे की आज हाती असलेल्या माहितीवरून तसे लिहिता येणार नाही. दोन्ही उत्तरांच्या मुळाशी एकच अडचण आहे आणि बिळात राहणाऱ्या प्राण्यांच्या बाबतीत ती फार बिकट होते.

लेंडीत जे जिवाणू सापडतात त्यांतले काही आतड्यात कायम वस्तीला असतात, तिथेच वाढतात आणि त्यांची पिढी पुढे चालते. काही अन्नाबरोबर किंवा मातीबरोबर पोटात गेलेले असतात आणि केवळ वाटसरू म्हणून बाहेर पडतात. काही तर लेंडी शरीराबाहेर आल्यावर तिला चिकटतात, म्हणजे सापळ्याच्या तळावरून, हातमोज्यावरून किंवा प्रयोगशाळेतल्या रसायनांतून येतात. सिक्वेन्सिंगला यांतला फरक कळत नाही, कारण जिवंत, मेलेला, वस्तीचा आणि वाटसरू अशा सगळ्या जिवाणूंचा डीएनए एकाच मापाने मोजला जातो. शिवाय १६एस जनुक सुमारे १५०० अक्षरांचे असले तरी अशा कामात बहुधा त्याचा एखादाच भाग वाचतात, उदाहरणार्थ सुमारे २५० अक्षरांचा व्ही-४ हा भाग. एवढ्यावरून प्रजातीपर्यंत पोहोचणे बहुतेक वेळा जमत नाही, त्यामुळे भिन्न जीवनक्रम असलेले दोन जवळचे जिवाणू यादीत एकाच नावाखाली येऊ शकतात.

बिळे खणणारा उंदीर माती पंजांनी उकरतो, वाटेतली मुळे दातांनी तोडतो, अंगावरची माती चाटून साफ करतो आणि जमिनीखालच्या साठ्यातले दाणे खातो. माती रोज त्याच्या पोटात जाते. तुमच्या यादीत मातीचे जिवाणू आले नसते तर मला उलट नमुन्यांची काळजी वाटली असती. प्रश्न एवढाच की त्यांतले वस्तीचे कोणते आणि वाटसरू कोणते.

इथे उंदराच्या शरीररचनेचा आधार घेता येतो. बहुतेक शाकाहारी कृंतकांत, म्हणजे कुरतडणाऱ्या प्राण्यांत, लहान आणि मोठे आतडे जिथे मिळतात तिथे उंडुक नावाची मोठी पिशवी असते आणि जिवाणूंची खरी दाट वस्ती तिथे असते. उंदराच्या स्वतःच्या पाचकरसांना न पचणारे तंतू तिथे आंबतात आणि त्यांतून ॲसिटेट, प्रोपिओनेट आणि ब्युटिरेट ही लहान मेदाम्ले तयार होतात. ती आतड्यातून शोषली जाऊन उंदराला ऊर्जा म्हणून मिळतात. उंडुकाच्या पोकळीत ऑक्सिजन जवळपास नसतोच, म्हणून तिथले बहुतेक रहिवासी ऑक्सिजन अजिबात न सोसणारे असतात. म्युरिबॅक्युलेसी आणि लॅक्नोस्पायरेसी ही कुळे तुमच्या यादीत वरच्या जागी असतील, तर ती या वस्तीतली आहेत असे मानायला हरकत नाही. उलट, श्वसनासाठी ऑक्सिजनवर अवलंबून असलेला मातीतला जिवाणू उंडुकात वाढत असेल हे संभवत नाही. त्यामुळे ऑक्सिजनशी जिवाणूचे नाते काय, ही मी लावत असलेली पहिली चाळणी असते. दुर्दैवाने ती पुरी पडत नाही, कारण आतड्यातले काही जिवाणू बीजाणू (जाड कवचाचे सुप्त रूप) तयार करतात आणि बीजाणूच्या रूपात ते हवेत आणि मातीत दीर्घकाळ टिकून राहतात.

यामुळेच सरसकट काढून टाकण्याचा मार्ग धोक्याचा ठरतो आणि या मुद्द्यावर मी जरा रेंगाळणार आहे. बिळातली माती घ्यायची, तिचेही सिक्वेन्सिंग करायचे आणि मातीत जे सापडेल ते लेंडीच्या यादीतून वजा करायचे, हा सर्वसाधारण सल्ला तुम्हालाही कोणीतरी दिला असेल. ऐकायला तो रास्त वाटतो. पण उंदीर त्याच बिळात महिनोन्‌महिने राहतो, तिथेच विष्ठा टाकतो आणि लेंड्या पायाखाली तुडवल्या जाऊन मातीत मिसळतात. एखादे वापरातले बीळ काळजीपूर्वक उघडले, तर घरट्याच्या कोठडीतली माती बाहेरच्या मातीपेक्षा गडद आणि मऊ दिसते, आणि चिमटीत घेतली तर तिच्यात गवताचे बारीक तुकडे, केस आणि जुन्या लेंड्यांचा चुरा लागतो. या मातीत सापडणारा जिवाणू मातीतून आतड्यात गेला की आतड्यातून मातीत आला, हे नुसत्या यादीवरून सांगता येत नाही. सरळ वजाबाकी केली तर आतड्यातले अस्सल रहिवासी, विशेषतः बीजाणू करणारे, तुम्हीच पुसून टाकाल. जिवाणू कुठून आले याचा अंदाज देणारी सोर्सट्रॅकरसारखी संगणकीय साधने वापरतानाही हे लक्षात ठेवा. माती हा उगम आणि लेंडी हे पोहोचण्याचे ठिकाण असा एकाच दिशेचा प्रवास त्यांत गृहीत धरलेला असतो आणि बिळात तो दोन्ही दिशांनी चालतो.

म्हणून मी एकाच बिळाशी मातीचे तीन नमुने घेतो, एक घरट्याच्या कोठडीतला, एक तोंडाशी उकरून टाकलेल्या ताज्या मातीचा आणि एक बिळांपासून दूर, जिथे उंदरांचा वावर दिसत नाही अशा जागेचा. एखादा जिवाणू दूरच्या मातीत भरपूर, कोठडीत मध्यम आणि लेंडीत थोडा असेल तर तो बहुधा मातीतून आलेला वाटसरू असतो. लेंडीत भरपूर, कोठडीत थोडा आणि दूरच्या मातीत अजिबात नाही, असे असेल तर प्रवाहाची दिशा उलटी आहे. मधल्या अवस्थेतले काही जिवाणू उरतातच. त्यांच्याबद्दल निर्णय न देता त्यांना वेगळ्या गटात ठेवणे मला प्रामाणिकपणाचे वाटते.

मातीतून किंवा शेजाऱ्याकडून आलेला जिवाणू म्हणजे केवळ भेसळ, असेही मानू नये. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात इंग्लंडमधल्या जंगलातल्या वुड माउस या उंदरांच्या हालचाली इलेक्ट्रॉनिक खुणांच्या मदतीने टिपल्या होत्या आणि त्याच उंदरांच्या आतड्यातले जिवाणू वेळोवेळी तपासले होते. एकमेकांच्या सहवासातून होणाऱ्या देवाणघेवाणीत ऑक्सिजन न सोसणाऱ्या जिवाणूंचा वाटा मोठा होता, तर एकाच परिसरात वावरल्यामुळे होणाऱ्या देवाणघेवाणीत हवा सोसणाऱ्या, बीजाणू करणाऱ्या जिवाणूंचा प्रभाव सर्वाधिक होता. आफ्रिकेतला नेकेड मोल रॅट हा जमिनीखाली राहणारा कृंतक तर वसाहतीने राहतो. त्याच्या बोगद्यांत विष्ठेसाठी वेगळी कोठडी असते, तो स्वतःची आणि इतरांचीही विष्ठा खातो आणि पिल्ले दूध सुटण्याच्या सुमारास मोठ्यांकडे मऊ विष्ठेची मागणी करतात. अशा प्राण्यात विष्ठेने माखलेली जमीन ही जिवाणू पुढच्या पिढीकडे जाण्याची नेहमीची वाट असू शकते. तुमचा उंदीर एकटा राहणारा आहे की गटाने, एका बिळात किती राहतात, जुनी बिळे पुन्हा वापरली जातात का, या गोष्टींवर अर्थ बराच बदलतो. तुमच्या प्रश्नात हा तपशील नाही, त्यामुळे या बाबतीत तुमचे निरीक्षण माझ्या अंदाजापेक्षा मोलाचे आहे.

आता लेंडी कशी घेतली याविषयी. सापळा उघडताना उंदीर अनेकदा हातातच लेंडी टाकतो. ती गडद, ओलसर आणि किंचित चमकदार असते, आणि ती चमक थोड्याच वेळात उतरते. मला अशीच लेंडी हवी असते. निर्जंतुक चिमट्याने ती उचलून, वेगळ्या पात्यावर आडवी कापून, बाहेरचा थर बाजूला ठेवून आतला गाभा मी घेतो, कारण जमिनीला लागतो तो बाहेरचा थर. सापळ्याच्या तळाशी पडलेल्या लेंड्या रात्रीत केव्हा पडल्या हे कळत नाही, त्यांच्यावर माती, मूत्र आणि आमिषाचा चुरा बसलेला असतो आणि मधल्या काळात हवा सोसणारे जिवाणू त्यांच्यावर वाढलेले असू शकतात. कृंतकांपैकी अनेक जण उंडुकातून येणारी मऊ विष्ठा पुन्हा खातात. तिच्यात आणि नेहमीच्या कडक लेंडीत जिवाणूंचे प्रमाण सारखे नसते, त्यामुळे नमुना कोणत्या प्रकारचा होता हेही नोंदवावे लागते. हाताळताना हातमोजे आणि योग्य मास्क वापरा, आणि सुकलेल्या लेंड्या कोरड्या झाडू नका, आधी जंतुनाशकाने ओल्या करा. हंता विषाणूसारखे रोग त्यांच्या धुळीतून श्वासावाटे पसरतात.

सुरुवातीच्या वर्षांतली माझी एक चूक इथे सांगतो, कारण तुमच्या प्रश्नातल्या एका वाक्यावरून तसाच धोका मला दिसतो. आम्ही सापळे फक्त झटकून पुन्हा लावत होतो. त्या मोसमातल्या निकालांत काही उंदरांच्या जोड्या इतक्या सारख्या निघाल्या की ते एकाच बिळातले असावेत, असे आम्ही जवळजवळ लिहून टाकले होते. सापळ्यांचे क्रमांक पुन्हा तपासले तेव्हा कळले की प्रत्येक जोडीतला दुसरा उंदीर पहिल्याच्या सापळ्यात दुसऱ्या रात्री सापडला होता. सांध्यांत अडकलेला जुन्या लेंड्यांचा चुरा नव्या नमुन्यात गेला होता. ते सगळे नमुने आम्हाला सोडून द्यावे लागले. तेव्हापासून प्रत्येक वापरानंतर सापळा घासून, ब्लीचच्या द्रावणाने धुऊन आणि नीट वाळवूनच मी पुन्हा लावतो, आणि प्रत्येक नमुन्याशी सापळ्याचा क्रमांक लिहितो. तुम्हीही "सापळे त्याच जागी सलग लावले" असे लिहिले आहे. कोणता उंदीर कोणत्या सापळ्यात सापडला याची नोंद असेल तर ही तपासणी आजच करता येईल.

प्रयोगशाळेतल्या भेसळीचा मुद्दाही मातीच्या जिवाणूंशी थेट जोडलेला आहे. २०१४ मध्ये दाखवून दिले गेले की डीएनए वेगळा करण्याच्या तयार संचांतच जिवाणूंचा डीएनए असतो आणि नमुन्यात जिवाणू थोडे असले की निकालावर तोच वरचढ ठरतो. त्या संचांत सापडलेली ब्रॅडीरायझोबियम, राल्स्टोनिया, स्फिंगोमोनास, स्युडोमोनास ही नावे पाहा. ही सगळी माती आणि पाणी यांच्याशी निगडित आहेत. म्हणजे ज्यांना तुम्ही बिळातल्या मातीचे जिवाणू समजता, त्यांतले काही रसायनांच्या बाटलीतून आलेले असू शकतात. ताज्या लेंडीत जिवाणू इतके असतात की हा परिणाम किरकोळ राहतो. जुन्या, सुकलेल्या, अगदी लहान लेंडीत तो मोठा होऊ शकतो. यावर उपाय म्हणजे नमुन्यांच्या प्रत्येक तुकडीबरोबर लेंडी न घातलेली रिकामी नळी सुरुवातीपासून शेवटपर्यंत तशीच चालवणे. तुमच्याकडे अशा नळ्यांचे निकाल असतील तर डीकॉन्टॅमसारखे संगणकीय साधन वापरून ते भेसळ ठरवील ती नावे खुशाल वगळा. इथे वजाबाकी योग्य आहे, कारण रसायनांतून नमुन्याकडे जाणारी वाट एकाच दिशेची आहे. तसेच हरितलवक आणि तंतुकणिका यांची जनुके खाल्लेल्या वनस्पतींतून येतात आणि जिवाणूंच्या यादीत घुसतात. ती निःशंकपणे काढा.

प्रमाणांविषयी एक खुलासा करतो. सिक्वेन्सिंगमधून मिळतो तो प्रत्येक जिवाणूचा वाटा, त्याची प्रत्यक्ष संख्या नव्हे. उंदीर अर्धपोटी असेल आणि आतड्यातल्या जिवाणूंची एकूण संख्या घटली असेल, तर पोटात गेलेली माती तेवढीच असूनही तिच्या जिवाणूंचा वाटा फुगलेला दिसेल. तुमच्या कोरड्या ऋतूतल्या नमुन्यांत मातीचे जिवाणू जास्त दिसतात याचे हेही कारण असू शकते. एकूण १६एस जनुकांची संख्या वेगळ्या पद्धतीने, म्हणजे क्यूपीसीआरने, मोजली तर याचा उलगडा होतो, आणि डीएनए शिल्लक असेल तर हे काम अजूनही करता येईल.

ऋतूच्या तुलनेबद्दल मला तुम्हाला स्पष्टपणे सांगितले पाहिजे. एक ठिकाण फक्त कोरड्या ऋतूत आणि दुसरे फक्त ओल्या ऋतूत पाहिले असेल, तर दिसलेला फरक ऋतूचा की ठिकाणाचा हे कोणतेही गणित वेगळे करून देऊ शकत नाही. ऋतूचा परिणाम मोठा असू शकतो, यात शंका नाही. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या वुड माउसच्या अभ्यासात जवळजवळच्या दोन जंगलांत दोन वर्षे नमुने घेतले होते आणि तपासलेल्या घटकांत ऋतूचाच प्रभाव सर्वांत ठळक निघाला. दोन्ही वर्षी लॅक्टोबॅसिलस घटले, ॲलिस्टिपीस आणि हेलिकोबॅक्टर वाढले, आणि कीटकांकडून बियांकडे झालेला आहारातला बदल हे त्याचे संभाव्य कारण सांगितले गेले. पण तिथे तोच बदल दोन्ही वर्षी दिसला होता, म्हणून त्या निष्कर्षाला वजन आहे. तुमच्या सध्याच्या माहितीतून "दोन गटांत फरक आढळला" एवढेच लिहिता येईल.

आणि आता फायद्याचा प्रश्न. जिवाणू आढळणे आणि त्याचा प्राण्याला उपयोग होणे यांत किती अंतर आहे, हे दोन कामांवरून चांगले दिसते. अमेरिकेच्या वाळवंटातला एक वुडरॅट (हा बिळे खणणारा नसून काटक्यांचे घर रचणारा आहे, तरी उदाहरण लागू पडते) क्रिओसोट या झुडपाची विषारी राळ असलेली पाने खातो. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात संशोधकांनी अशा वुडरॅटना प्रतिजैविक दिले, तेव्हा त्यांना तो आहार झेपेना. मग त्या झुडपाची सवय नसलेल्या वुडरॅटना सवय असलेल्यांची विष्ठा खाऊ घातली, तेव्हा ते तो विषारी आहार अधिक चांगला सोसू लागले. जिवाणू काढल्यावर क्षमता जाते आणि दिल्यावर येते, असे दोन्ही बाजूंनी दाखवले म्हणून तो दावा टिकला.

दुसरे उदाहरण तुमच्या कल्पनेच्या अधिक जवळचे आहे. पाठीवर तेरा पट्टे असणारी उत्तर अमेरिकेतली खार हिवाळ्यात अनेक महिने बिळात शीतनिद्रेत असते आणि त्या काळात काही खात नाही. तरीही तिचे स्नायू अपेक्षेइतके झिजत नाहीत. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामात या खारींना जड कार्बन आणि जड नायट्रोजन असलेला युरिया टोचला आणि तो कुठे जातो याचा माग काढला. आतड्यातले जिवाणू युरियाचे विघटन करतात, त्यातून सुटलेला नायट्रोजन खारीच्या शरीरात परत जातो आणि यकृत व स्नायूंतील प्रथिनांत सापडतो. जिवाणू प्रतिजैविकांनी कमी केलेल्या खारींत हे फारसे घडले नाही. उपासाच्या काळात जिवाणूंचा आधार मिळतो ही तुमची कल्पना त्यामुळे मला मुळीच अवास्तव वाटत नाही. पण तिथे नायट्रोजनचा अणू जिवाणूपासून स्नायूपर्यंत जाताना पाहिला गेला, आणि तुमच्याकडे आज फक्त नावांची यादी आहे. १६एस जनुकावरून जिवाणूचे काम ओळखणारी संगणकीय भाकिते मिळतात, पण ती मुख्यतः ज्ञात आणि अभ्यासलेल्या जिवाणूंवर आधारलेली असतात. रानउंदरांच्या बाबतीत मी त्यांचा उपयोग पुढचा प्रयोग ठरवण्यापुरताच करतो.

हा प्रयोग उंदीर पिंजऱ्यात आणून करायचा असेल तर आहाराकडे सर्वांत जास्त लक्ष द्या. रानातून आणलेले वुडरॅट पिंजऱ्यात आल्यावरही आपले बहुसंख्य मूळ जिवाणू टिकवून ठेवतात असे आढळले आहे, पण सर्व जातींना हे लागू होईल असे धरून चालू नये. पकडल्याच्या दिवशीची लेंडी आणि त्यानंतर ठरावीक अंतराने त्याच उंदराची लेंडी घ्या. त्याचा दुसरा लाभ असा की स्वच्छ तळाच्या पिंजऱ्यात, मातीशी संबंध तुटल्यावर, कोणते जिवाणू काही दिवसांत नाहीसे होतात आणि कोणते टिकतात हे दिसते. वाटसरू आणि रहिवासी वेगळे करण्याचा याहून साधा मार्ग मला माहीत नाही.

तर सध्याच्या लेखनात संपूर्ण यादी द्या आणि तिचे तीन गट करा. ऑक्सिजन न सोसणारे आणि कृंतकांच्या आतड्यातले म्हणून ओळखीचे असलेले जिवाणू एका गटात, केवळ हवेत वाढणारे मातीचे जिवाणू दुसऱ्या गटात, आणि बीजाणू करणारे व अनिश्चित असलेले तिसऱ्या गटात ठेवा. तुमची मुख्य तुलना पहिल्या गटावर करा, मग सगळे धरून पुन्हा करा, आणि दोन्हींचे निकाल छापा. पुढच्या फेरीत दोन्ही ठिकाणी दोन्ही ऋतूंत जा, उंदरांना कायमची खूण करा म्हणजे तोच उंदीर पुन्हा सापडल्यावर ओळखता येईल, आणि मातीचे तीन नमुने व रिकाम्या नळ्या विसरू नका. पहिल्या फेरीतल्या उरलेल्या लेंड्या गोठवून ठेवलेल्या असतील तर त्या मोडीत काढू नका. नव्या नमुन्यांबरोबर त्याच तुकडीत त्यांचे सिक्वेन्सिंग पुन्हा करून घ्या, कारण वेगवेगळ्या तुकड्यांचे निकाल शेजारी ठेवले तर प्रयोगशाळेतला फरकच तुम्हाला ऋतूचा फरक म्हणून दिसू शकतो.